पेठेतले घर आणि नऊ मीटरचा रस्ता

पर्युषणाच्या दिवसांत पुण्याच्या गुरुवार पेठेला पहाटेच जाग येते. पूजेची वस्त्रे नेसलेली मंडळी अनवाणी पावलांनी गोडीजी पार्श्वनाथांच्या मंदिराकडे निघालेली असतात. कुणाच्या हातात तांदळाची डबी, कुणाच्या केशराची वाटी. वाड्याच्या जिन्यावरून सांभाळून उतरणारी ऐंशीची आजी आणि तिचा हात धरून चाललेली नात पाच मिनिटांत देरासरात पोहोचतात. त्यांना वाहन लागत नाही, सोबत लागत नाही, मुलाची सवडही लागत नाही.

जैन कुटुंबांचे नित्य आचरण दाट वस्तीवर उभे आहे, ही गोष्ट सहसा कुणी बोलून दाखवत नाही. साधू-साध्वी पायीच विहार करतात. गोचरी एका घरातून घ्यावयाची नसते. अनेक घरांतून थोडी थोडी घ्यावयाची असते, आणि तीसाठी श्रावकांची पुष्कळ घरे चालण्याच्या टप्प्यात असावी लागतात. चौविहार पाळणाऱ्या व्यापाऱ्याला सूर्यास्तापूर्वी घरी जेवून पुन्हा दुकानाच्या गादीवर बसायचे असते. घर दुकानाच्या वर असले तर हे वीस मिनिटांचे काम आहे. संध्याकाळचे प्रतिक्रमण, मुलांची पाठशाळा, आयंबिलाची ओळी, वृद्धांचे सामायिक ही सर्व व्यवस्था गल्लीच्या मापाने आखलेली आहे. भवानी, नाना, रविवार, गुरुवार या पेठांत दीड-दोन शतकांत जी जैन वस्ती रुजली, ती व्यापाराच्या सोयीने रुजली आणि धर्माच्या सोयीने टिकली.

ही वस्ती आता झपाट्याने विरळ होत आहे. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला तेव्हा पेढ्यांपाठोपाठ काही घरे बिबवेवाडी, सॅलिसबरी पार्क, गंगाधामकडे गेली. ते स्वाभाविक होते. परंतु ज्यांची दुकाने अजून पेठेत आहेत, त्यांचीही बिऱ्हाडे हलत आहेत. देरासरे तीच आहेत, स्थानके तीच आहेत, त्यांच्या भोवतीची घरे मात्र संध्याकाळनंतर काळोखी दिसतात. याचे कारण विचारले असता लोक मुलांची हौस, वाहनतळाचा अभाव, लिफ्ट नसणे अशी उत्तरे देतात. ती खरी आहेत. परंतु या सर्वांच्या मुळाशी शहराच्या विकास आराखड्यातील एक आकडा आहे आणि त्याच्याकडे व्यापारी कुटुंबांचे लक्ष फार उशिरा जाते.

हा आकडा म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. व्यवहारात सर्वजण त्याला एफएसआय म्हणतात. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे तो सांगतो. तीनशे चौरस मीटरच्या जागेवर निर्देशांक दीड असेल तर सर्व मजल्यांचे मिळून साडेचारशे चौरस मीटर बांधता येतात. एखाद्या भागात किती माणसांनी राहावे हे शासन थेट सांगू शकत नाही. म्हणून ते किती बांधावे हे सांगते. या दोन गोष्टी एक नव्हेत. त्याच साडेचारशे मीटरांत एका संपन्न कुटुंबाचा प्रशस्त बंगला बसतो आणि पंधरा लहान बिऱ्हाडेही बसतात. आपल्या समाजात दोन शेजारचे फ्लॅट घेऊन मधली भिंत काढण्याची रीत आता सर्रास झाली आहे. तिथे निर्देशांक पुरेपूर वापरला जातो आणि माणसे निम्मी राहतात. अपरिग्रहाच्या दृष्टीने त्याकडे कसे पाहावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण नगररचनेच्या हिशेबात ती दाटी धरली जाते आणि प्रत्यक्षात ती दाटी नसते.

दाटीला मर्यादा घालण्याची कल्पना या प्रांतात भीतीतून जन्मली. १८९६-९७ च्या प्लेगने मुंबई आणि पुणे हादरले. पुण्यात घरोघर तपासण्या झाल्या, त्यांतील जुलमाने लोक संतापले आणि जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच साथीनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले, कोंदट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले गेले आणि १९१५ मध्ये मुंबई प्रांताला नगररचनेचा पहिला कायदा मिळाला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. पुढे १९६४ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याने निर्देशांकाची पद्धत आणली आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने राज्यभर आराखड्यांची चौकट घालून दिली. माणसे विरळ राहिली तर निरोगी राहतील, हा त्यामागचा मूळ विचार.

त्या विचारात तथ्य आहे, पण अर्धेच. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या पहिल्या लाटेत भवानी पेठेचा परिसर पुण्यातील सर्वांत बाधित भागांपैकी एक ठरला आणि पेठा पत्रे लावून बंद करण्यात आल्या. तेव्हा अनेकांनी दाट वस्तीला दोष दिला. वस्तुतः दोष होता तो एका खोलीत सहा-सात माणसे राहण्याचा आणि दहा घरांमागे एक शौचालय असण्याचा. एकरी घरांची संख्या आणि खोलीतील माणसांची संख्या या वेगळ्या बाबी आहेत. बांधकामाची मर्यादा फार खाली ठेवली तर पहिली घटते आणि दुसरी वाढते, कारण माणसे तर शहरात येतच राहतात. मुंबईच्या अल्प निर्देशांकावर आलँ बेर्तो या नगररचनाकाराने वर्षानुवर्षे जी टीका केली, तिचा गाभा हाच आहे.

पुण्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९५० मध्ये महापालिका झाली. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त केल्या आणि लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींकडे हजारो कुटुंबे गेली. पेठांतून बाहेर पडण्याची ती पहिली मोठी लाट होय. १९८७ मध्ये शहराचा सुधारित विकास आराखडा मंजूर झाला. १९९७ मध्ये हद्दीत ३८ गावे आली. विरोधामुळे काही वगळून अखेर २३ राहिली. त्याच सुमारास हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे बाजारात ज्याला टीडीआर म्हणतात, तो पुण्यात आला. रस्त्यासाठी वा बागेसाठी जमीन देणाऱ्याला पैशांऐवजी बांधकामाचा हक्क मिळू लागला आणि तो दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येऊ लागला. व्यापारी माणसाला हे चटकन कळते: जमीन स्थावर, पण तिच्यावरचा हक्क जंगम. हा हक्क मध्यवस्तीत वापरता येत नसे. तो उपनगरांत उतरत असे. मध्यवस्तीत बांधकाम थोपवले गेले आणि तोच भार कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडीच्या रस्त्यांवर आणि नाल्यांवर पडला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर अरण्येश्वर-सहकारनगर परिसरातील अनेकांच्या आठवणीत आहे. ओढ्याचे पात्र आक्रसत गेले आणि त्याच्या काठाने घरे वाढत गेली, हे त्या रात्री सर्वांनी पाहिले.

आता पेठेतील एका वाड्याचा हिशेब मांडून पाहू. हिशेब कल्पित आहे, पण त्यातील मापे पेठेत कुणालाही ओळखीची वाटतील. दहा मीटर दर्शनी रुंदी, तीस मीटर खोली. म्हणजे तीनशे चौरस मीटर जागा. समोर सहा मीटरची गल्ली. तळमजल्यावर मालकांचीच दोन दुकाने, मध्ये चौक, वर दोन मजले. मालक तीन भाऊ, त्यांच्या वडिलांपासूनचे चार भाडेकरू. चौक सोडला तर पाऊणशे टक्के जागेवर बांधकाम आहे; म्हणजे मजल्यामागे सव्वादोनशे आणि तिन्ही मजले मिळून पावणेसातशे चौरस मीटर. आजोबांनी बांधलेल्या या वाड्याने निर्देशांक सव्वादोन वापरलेला आहे. आजोबांना तो शब्दही माहीत नव्हता.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळपास संपूर्ण राज्यासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. तीनुसार दाट वस्तीच्या भागात नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ निर्देशांक दीड. त्यावर जिने, भिंती, सज्जे यांसाठी निवासी इमारतीस साठ टक्के पूरक क्षेत्र अधिमूल्य भरून मिळते. साडेचारशे अधिक दोनशे सत्तर, असे एकूण सातशे वीस चौरस मीटर. नऊ मीटरच्या आत रस्ता असल्याने अधिमूल्याचा जादा निर्देशांक नाही, टीडीआर नाही. म्हणजे वाडा पाडून नवी इमारत बांधल्यास आज उभे आहे त्याहून अवघे पंचेचाळीस मीटर अधिक मिळतात.

सातशे वीस मीटरांपैकी प्रत्यक्ष वापराची जागा साधारण सत्तर टक्के धरली तर पाचशे मीटर हाती येतात. चार भाडेकरूंना प्रत्येकी तीस, दोन दुकानांना साठ, तीन भावांना प्रत्येकी शंभर. हे झाले चारशे ऐंशी. विक्रीला उरले वीस मीटर, म्हणजे सव्वादोनशे फुटांच्या आतबाहेर. बांधकामाचा दर फुटाला अडीच हजार धरला तर सातशे वीस मीटरांचा खर्च एक कोटी चौऱ्याण्णव लाख होतो. विक्रीचा दर फुटाला बारा हजार धरला तरी त्या तुकड्याचे सव्वीस लाखांच्या पुढे येत नाहीत. अधिकृत भाडेकरूंच्या पुनर्वसनासाठी नियमांत जादा निर्देशांकाची सवलत आहे आणि जिथे भाडेकरू पुष्कळ आहेत तिथे ती खरोखरच उपयोगी पडते. चार भाडेकरूंच्या या वाड्यात मात्र तिने तूट कमी होते, मिटत नाही. शिवाय इमारत उंच झाली की बाजूंना मोकळे अंतर सोडावे लागते आणि दहा मीटर रुंदीतून दोन्हीकडे एकेक मीटर गेला की खोल्यांची रचनाच मोडते. तळमजल्यावर वाहने उभी करायची तर दुकाने कुठे ठेवायची, हा आणखी निराळा प्रश्न.

विकासक अशा वाड्याकडे फिरकत नाही, यात त्याचा दोष नाही. बँकही कर्ज देण्यास कचरते. तीन भावांपैकी एकाचे निधन झालेले असते, वारसनोंद झालेली नसते, बहिणींची हक्कसोडपत्रे तोंडी असतात, एखाद्या भाडेकरूचा दावा लघुवाद न्यायालयात पडून असतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूला जे संरक्षण दिले, त्यामुळे महिन्याला शे-दोनशे रुपये भाडे येणाऱ्या खोलीवर मालक दुरुस्तीला हजारो खर्च करणार नाही, हेही उघड आहे. मग दर पावसाळ्यापूर्वी महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस येते, लाकडी टेकू लागतात आणि धाकटा भाऊ बिबवेवाडीत फ्लॅट पाहू लागतो. वाडा पडला तर बातमी होते. वाडा रिकामा होत गेला तर ती बातमी होत नाही.

शनिवारवाड्याच्या भोवतालच्या मालकांची अडचण तर याहूनही कठीण आहे. तो केंद्राचे संरक्षित स्मारक असल्याने २०१० च्या कायदा दुरुस्तीनुसार त्याच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगीनेच होऊ शकते. स्मारक जपले पाहिजे, याबद्दल दुमत असू नये. पण शंभर मीटरांत येणाऱ्या कुटुंबाने शहराच्या स्मृतीसाठी आपले घर गोठवून घेतले आहे आणि त्याबदल्यात त्याला काहीच मिळत नाही. बागेसाठी जमीन देणाऱ्याला हक्क मिळतो, इतिहासासाठी घर देणाऱ्याला मिळत नाही. हे न्यायाचे वाटत नाही.

नियमावलीने रस्त्याच्या रुंदीशी बांधकाम जोडले, हे तत्त्व म्हणून योग्यच आहे. अग्निशमनाचा बंब आत येऊ शकत नाही अशा गल्लीत दहा मजले चढवणे हा गुन्हा आहे. दाट वस्तीबाहेर पुण्यासारख्या महापालिकेत नऊ मीटरपेक्षा कमी रस्त्यावर निर्देशांक १.१ वरच थांबतो. नऊ ते बारा मीटरला तो २ पर्यंत आणि तीस मीटर वा अधिक रुंदीला ३ पर्यंत जाऊ शकतो. पूरक क्षेत्र निराळे. त्यामुळे सहा आणि नऊ यांमधले तीन मीटर हे पुण्यातील सर्वांत महाग अंतर झाले आहे. २०२० मध्ये शहरातील तीनशेहून अधिक सहा मीटर रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव महापालिकेत आला, तेव्हा मोठे वादळ उठले ते यामुळेच. काही रस्ते निवडल्याचा आरोप झाला आणि सगळेच रस्ते रुंद करा, अशीही मागणी झाली.

रस्ता रुंद होणे म्हणजे नेमके काय, हे दुकानदाराने फूटपट्टी घेऊन पाहावे. दोन्ही बाजूंनी दीड मीटर, म्हणजे जवळजवळ पाच फूट. पेठेतल्या दुकानाची खोलीच कित्येक ठिकाणी पंधरा फूट असते. गादी, काउंटर आणि मागची फळी यांतले एक काहीतरी जाणार. दहा मीटर दर्शनी रुंदीच्या वाड्याचे पंधरा चौरस मीटर रस्त्यात जातील. त्याचा मोबदला बांधकामाच्या हक्काच्या रूपाने मिळेल, पण तो हक्क वरच्या मजल्यावर वापरायचा आणि गिऱ्हाईक तर रस्त्यावरून येते. ज्याचे दुकान भाड्याचे आहे, त्याचा तर फक्त तोटा. म्हणून एकाच गल्लीत घरमालकाला रुंदीकरण हवे असते आणि दुकानदाराला नको असते. पुष्कळदा ते दोघे सख्खे भाऊ असतात. नगररचनेच्या पुस्तकात हा भाग येत नाही.

पेठ सोडून बाहेर गेलेल्यांचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ३१ लाखांवर लोक होते. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावे आली आणि हद्द ५१६ चौरस किलोमीटर झाली. क्षेत्रफळाने पुणे तेव्हा राज्यातील सर्वांत मोठी महापालिका ठरले. उंड्री, पिसोळी, कोंढव्याच्या उतारांवर बारा-पंधरा मजली संकुले उभी राहिली. तिथे लिफ्ट आहे, वाहनतळ आहे, क्लबहाउस आहे. आणि कित्येक सोसायट्यांत रोज सकाळी टँकरही आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण २९ टीएमसीच्या थोडी वर आहे. हद्द कितीही वाढवली तरी हा आकडा वाढत नाही. बांधकामाचा निर्देशांक ठरवताना रस्त्याची रुंदी पाहिली जाते. नळाला पाणी किती येईल, हे मात्र तक्त्यातील कोणत्याही रकान्यात नाही.

सार्वजनिक सोयींबाबतही हेच. पूर्वी पुण्यात चार हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडाचा विकास करताना पंधरा टक्के जागा शाळा, दवाखाना, बाग अशा सुविधांसाठी द्यावी लागत असे. २०२० च्या नियमावलीने वीस हजार चौरस मीटरपर्यंत ही अटच काढली आणि त्यापुढे पाच टक्क्यांपासून सुरुवात ठेवली. एका हाताने दाटी वाढवायची आणि दुसऱ्या हाताने तिला लागणारी मोकळी जागा कमी करायची, याचा मेळ कसा घालावा? या प्रश्नाचा जैन कुटुंबांशी थेट संबंध आहे. नव्या वस्तीत देरासरासाठी, उपाश्रयासाठी, साध्वीजींच्या चातुर्मासासाठी जागा शोधणारे विश्वस्त अखेर एखाद्या तळमजल्यावरील सभागृहापाशी येऊन थांबतात. तिथे संध्याकाळी वाढदिवस असतो आणि सकाळी प्रवचन. व्यापारी मात्र साडेपाचला दुकानातून निघून तासभर वाहनांच्या रांगेत अडकतो. सूर्य त्याची वाट पाहत नाही. मग डबा दुकानातच येतो आणि कुटुंबाचे एकत्र जेवण रविवारपुरते उरते.

टेकड्या वाचवण्याचा निर्णय या सर्व गोंधळात उठून दिसतो. १९९७ च्या गावांतील सुमारे ९७८ हेक्टर टेकड्या आणि उतार जैवविविधता उद्यानासाठी राखले गेले. जमीनमालकांना द्यायच्या मोबदल्यावरून वर्षानुवर्षे वाद राहिला आणि मालकांची तक्रार खोटी नाही. तरीही त्या टेकड्यांवर इमारती चढल्या असत्या तर खालच्या वस्त्यांत दर पावसाळ्यात काय झाले असते, ते आंबिल ओढ्याने दाखवून दिले आहेच. कुठे दाटी नको, हे ठामपणे ठरले की कुठे हवी, हेही धीटपणे ठरवता येते. पुण्याने पहिले काम बऱ्यापैकी केले आणि दुसरे टाळले.

मेट्रोने आता तो प्रश्न पुन्हा समोर आणला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला. कसबा पेठ आणि मंडई ही स्थानके ऐन पेठांत आहेत. मेट्रो स्थानकाभोवती पाचशे मीटरच्या वर्तुळात रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार पाहून निर्देशांक ४ पर्यंत जाऊ शकतो. कागदावर हे पेठेचे भाग्य उजळल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात वर्तुळ नकाशावर काढले तरी त्यातली गल्ली सहा मीटरचीच राहते आणि भूखंड तीनशे मीटरचाच. चारचा निर्देशांक त्याला लागू होत नाही; तो लागू होतो मोठ्या रस्त्यावरील मोठ्या भूखंडाला, आणि तसे भूखंड पेठेत बोटांवर मोजण्याइतके.

यातून वाट आहे, पण ती एकट्याने चालण्याची नाही. शेजारचे चार-पाच वाडे एकत्र आले तर हजार-बाराशे चौरस मीटरचा भूखंड होतो. बाजूची अंतरे मधल्या भिंतींबरोबर नाहीशी होतात, एकच जिना, एकच लिफ्ट, एकच वाहनतळ पुरतो आणि रस्त्यासाठी पट्टी सोडूनही दुकाने दर्शनी भागात राहू शकतात. अडचण कायद्याची कमी आणि मनाची अधिक आहे. पाच वाड्यांचे मिळून तीस-चाळीस हिस्सेदार. त्यांत दोघे अमेरिकेत, एक मुंबईत आणि दोन घरांत आजोबांच्या काळापासून बोलणे बंद. बाजारात पंचवीस टक्के हुंडी एकमेकांच्या शब्दावर फिरवणारी माणसे सामाईक भिंतीच्या बाबतीत मात्र मोजणी अधिकाऱ्याखेरीज कुणावर विश्वास ठेवत नाहीत. संघाने मध्यस्थी करावी असे काम हेच आहे. कारण वस्ती उठून गेली तर देरासराची व्यवस्था पुजाऱ्याच्या भरवशावर राहील, हे विश्वस्तांना इतरांपेक्षा अधिक कळते.

कुटुंबाच्या पातळीवर करण्यासारख्या काही गोष्टी आहेत आणि त्यांना फार खर्च येत नाही. मालमत्ता पत्रकावर वडिलांचे वा आजोबांचे नाव असेल तर वारसनोंद आधी करून घ्यावी. भावाभावांत गोडी असतानाच. बहिणींची हक्कसोडपत्रे नोंदणीकृत असावीत. महापालिकेतून झोन दाखला आणि भाग नकाशा काढून आपल्या जागेवर आरक्षण वा रस्तारेषा आहे का, हे पाहावे. पुष्कळांना ते घर विकायला काढल्यावरच कळते. आरक्षण असेल आणि आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नसेल, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. जुन्या हद्दीचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. ही दहा वर्षे २०२७ च्या सुरुवातीला पूर्ण होतात. ज्या भागांना मागाहून मंजुरी मिळाली त्यांची तारीख निराळी धरावी लागेल.

आणि प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती व सूचनांसाठी जी थोडक्या दिवसांची मुदत असते, ती चुकवू नये. २०१३ मध्ये जुन्या हद्दीच्या प्रारूपावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या. मुदतीत आराखडा पूर्ण न झाल्याने २०१५ मध्ये शासनाने तो महापालिकेकडून स्वतःकडे घेतला. एवढ्या हरकतींत एकट्याच्या अर्जाचे काय होणार, असे वाटणे साहजिक आहे. पण सहा मीटरच्या एकाच गल्लीतील तीस मालक आणि वीस दुकानदार यांनी मिळून, मोजमापांसह, आपल्या गल्लीसाठी नेमके काय हवे ते लिहून दिले तर सुनावणीत ते बाजूला सारणे अवघड जाते. आयकराच्या नोटिसीला चोवीस तासांत उत्तर देणाऱ्या पेढ्यांना हे अशक्य नाही.

स्वारगेटपासून कात्रजपर्यंतच्या भुयारी मेट्रोला केंद्राची मंजुरी ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाली आहे. त्या मार्गावर मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज येथे स्थानके आहेत. म्हणजे पेठेतून निघालेली कुटुंबे ज्या सोसायट्यांत स्थिरावली, त्यांपैकी अनेकींभोवती उद्या पाचशे मीटरचे नवे वर्तुळ पडेल. तिथल्या चार मजली इमारती चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या आहेत, लिफ्ट नाही, आणि पेठ सोडताना तरुण असलेला धाकटा भाऊ आता सत्तरीत तिसरा मजला चढतो. त्याच्या सोसायटीच्या पुढल्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा विषय आहे. समोरचा रस्ता किती मीटरचा, हे त्याने या वेळी सभेला जाण्यापूर्वी स्वतः टेप घेऊन मोजून ठेवले आहे.